आरोग्य शिक्षणाच्या स्कॉलरशिपची मुलाखत: आपल्याकडच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

नर्सिंग, एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओ, फार्मसी, डीएमएलटी, काहीही करत असाल आणि एखाद्या ट्रस्टकडून नाहीतर कंपनीच्या सीएसआरकडून (समाजकामासाठी ठेवलेल्या निधीतून) मुलाखतीचा मेसेज आला असेल तर हे वाचून घ्या. मी नर्सिंग शिकवते आणि आमच्या पोरींची या मुलाखतींची तयारी करून घेते, मग त्यांचे भाऊ, मैत्रिणी, गावातली बाकी पोरंही फोन करतात. यवतमाळ, वर्धा, गडचिरोली, मेळघाट इकडून जे प्रश्न येतात ते जसेच्या तसे ठेवलेत.

ताई, महाडीबीटीचा फॉर्म भरला, त्याचीपण मुलाखत असते काय?

नाही. महाडीबीटी म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल, तिथलं सगळं कागदांवर चालतं, फॉर्म आधी कॉलेज तपासतं मग विभाग, आणि पैसे आधार लिंक असलेल्या खात्यात येतात. मुलाखत घेतात त्या ट्रस्ट, फाउंडेशन, कंपन्या, समाजाच्या शिक्षण संस्था, कुठं कुठं गावातलेच मोठे झालेले लोक मिळून देतात ती मदत. यांच्याकडं जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, म्हणून ते समोर बसवून बोलतात.

मुलाखतीत नेमकं होते काय? किती वेळ चालते?

साधारण दहा ते वीस मिनिटं. समोर दोन-चार जण असतात, त्यात एखादे डॉक्टर किंवा सिस्टर, ट्रस्टचं कोणीतरी, आणि बरेचदा एक हिशोबाचा माणूस. तो हिशोबाचा माणूस शांत बसलेला असतो आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो, पण तो महत्त्वाचा असतो. काही ठिकाणी आधी फोनवर पाच मिनिटं बोलतात आणि मग बोलावतात, काही ठिकाणी सगळंच झूम नाहीतर गूगल मीटवर.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, तुमचे मार्क त्यांच्यासमोरच्या फाइलमध्ये आहेत, ते पुन्हा तपासायला कोणी बोलावत नाही. कागदावर जे लिहिलंय तेच तुमच्या तोंडून, तुमच्या शब्दात निघतं का आणि पैसे दिले तर हे लेकरू कोर्स पुरा करेल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. खालच्या सगळ्या उत्तरांत मी फिरून फिरून हेच सांगणार आहे.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर काय सांगू?

यूट्यूबवरचं पाठ केलेलं सांगू नका. "मी एक मेहनती, जिद्दी आणि प्रामाणिक विद्यार्थिनी आहे" हे वाक्य पॅनल सकाळपासून ऐकून राहिलेलं असतं, त्यातून त्यांना तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

आमच्या एका पोरीनं तयारीत हेच पाठांतर सुरू केलं तेव्हा मी तिला थांबवलं आणि विचारलं, बाई, सकाळी उठल्यापासून काय करतेस ते सांग. ती म्हणाली, पाचला उठते, आजीची शुगरची गोळी आणि चहा, मग डबा, मग साडेसहाची एसटी, ती चुकली की नऊपर्यंत गाडी नाही म्हणून पहिलं लेक्चर जातं, संध्याकाळी वावरातून माय आली की दोघी मिळून स्वयंपाक. आता सांगा, मेहनती हा शब्द यात कुठं लागला काय? तेच तिनं मुलाखतीत सांगितलं आणि पुढची पाच मिनिटं पॅनलनं आजीच्या शुगरवरच प्रश्न विचारले, जे तिला येत होते.

म्हणून गाव, घरात कोण कोण, कोणता कोर्स कोणतं वर्ष, आणि तुमच्या रोजच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट. दीड मिनिटात संपवा.

इंग्रजीतच बोलावं लागते काय?

बहुतेक ठिकाणी मराठी चालतं, हिंदीही चालतं. सुरुवातीलाच सरळ विचारा, "सर, मराठीत बोललं तर चालेल का?" यात काही कमीपणा नाही. आपल्या परीक्षा इंग्रजीत असतात हे खरं, म्हणून एखादी तरी गोष्ट इंग्रजीत विचारतील, जसं की तुमच्या आवडीचा विषय कोणता, तेवढी साध्या वाक्यांत तयार ठेवा. मोडकंतोडकं झालं तरी थांबू नका.

आणि गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी येत असेल तर ते फॉर्ममध्येही लिहा आणि तोंडीही सांगा! आमची पोरं ही गोष्ट लपवतात, फार वाईट वाटतं मला. धारणीच्या नाहीतर भामरागडच्या दवाखान्यात पेशंटची भाषा येणारी सिस्टर असली तर दुखतं कुठं हे तरी पहिल्या मिनिटात कळतं.

घरच्या उत्पन्नावर काय विचारतात? दाखला तर दिलाच आहे ना?

इथं नीट वाचा, सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात.

तहसीलदाराच्या दाखल्यावर समजा साठ हजार लिहिलंय, सातबाऱ्यावर पाच एकर दिसतं, आणि फॉर्ममध्ये मोटरसायकल टाकली आहे. हिशोबाचा माणूस विचारणार, पाच एकरात साठ हजार कसे काय? पोरगी गप्प. तिला खरंच माहीत नसतं, कारण घरचा हिशोब कधी कोणी तिच्यासमोर मांडलेला नसतो, आणि समोरच्याला वाटतं की काहीतरी लपवून राहिली.

म्हणून मुलाखतीच्या आधी एका संध्याकाळी बाबांजवळ वही घेऊन बसा. समजा पाच एकर कोरडवाहू कापूस, एकरी पाच क्विंटल धरा, म्हणजे पंचवीस क्विंटल. भाव सात हजार मिळाला तर १,७५,००० रुपये आले. आता यातून बियाणं, खत, फवारणी, डवरणी-निंदणीची मजुरी वजा करा. वेचणी किलोला दहा रुपये धरली तर एकट्या वेचणीचेच पंचवीस हजार जातात. मग सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी. खाली जो आकडा उरतो तो तुमचा, आणि तो बरेचदा दाखल्याच्या आसपासच येतो. जास्त आला तर जास्त सांगा, "दाखला मागच्या वर्षीचा आहे, यंदा थोडं बरं पिकलं" असं सरळ म्हणा. धानवाले, संत्रावाले, तेंदूपत्ता-मोहफुलावर चालणारे, मजुरीवाले, सगळ्यांनी आपापला हिशोब असाच मांडायचा. मजुरी असेल तर रोज किती आणि वर्षातले किती दिवस काम मिळतं ते सांगा, हंगाम संपला की हाताला काम नसतं हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

गरिबी वाढवून सांगू नका. घरात टीव्ही आहे तर आहे. खोटं एक जरी पकडलं गेलं तर बाकीचं खरंही खोटं वाटतं.

मुलींची फी तर माफ झाली, मग पैसे कशाले पाहिजे असं विचारलं तर?

हे आता हमखास विचारतात. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ठरलेल्या प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, अभिमत आणि खाजगी विद्यापीठं त्यात नाहीत. तुम्ही यात बसत असाल तर ते आधीच सांगून टाका, लपवायचं नाही.

आणि मग फी सोडून काय लागतं ते आकड्यात सांगा. समजा मेस महिन्याला तीन हजार, दहा महिन्यांचे तीस हजार. हॉस्टेल किंवा रूमचं भाडं. युनिफॉर्म, शूज, पुस्तकं, प्रॅक्टिकलची जर्नलं, स्टेथो, बीपीचं मशीन. कम्युनिटी पोस्टिंगला खेड्यात जायचं भाडं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे तेही हिशोबात धरा, पॅनलला कळतं की पोरीनं खरंच बसून मांडलंय. "खूप खर्च येतो सर" यापेक्षा "फी माफ आहे, पण वर्षाला राहण्या-खाण्याचे बावन्न हजार लागतात, त्यातले वीस घरून येतात" हे कितीतरी वजनदार वाटतं.

दुसरी स्कॉलरशिप मिळत असेल तर सांगायचं का?

सांगायचं. काही ट्रस्टना चालतं, काहींना नाही, नियम वाचून जा. मदतीच्या संस्था एकमेकांना ओळखतात आणि कॉलेजकडूनही विचारून घेतात.

"ही लाइन काहून निवडली" याचं चांगलं उत्तर कोणतं?

"लोकांची सेवा करायची आहे" हे चूक नाही पण अर्धं आहे. सेवा तर शिक्षकही करतो, एसटीचा ड्रायव्हरही करतो. हीच लाइन का, ते सांगा. घरात कोणाचं आजारपण पाहिलं, आशाताईसोबत फिरलात, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बाळंतपणाला माय थांबली होती तेव्हा काय दिसलं. आणि असं काहीच नसेल, फक्त बारावीला बायोलॉजी आवडायचं आणि नर्सिंगला नोकरी लवकर लागते म्हणून आलात, तर तसंच सांगा. नोकरी लागावी म्हणून शिकणं यात लाजण्यासारखं काय आहे, तुमच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण होणार असेल तर ते अभिमानानं सांगा.

बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओच्या पोरांना हमखास टोचून विचारतात, एमबीबीएस नाही मिळालं म्हणून आलात ना? हो म्हणा, खरं असेल तर. "नीटला दोनदा बसलो, एमबीबीएसचा कटऑफ नाही गाठला, बीएएमएस मिळालं, आता तिसऱ्या वर्षात आहे आणि आता यात हे हे आवडतं" इथपर्यंत गाडी न्या. जे आवडतं त्याचं नाव घेता आलं पाहिजे, नाहीतर समोरच्याला वाटणार की हा अजून नीटच्याच दुःखात आहे. गॅपचंही तसंच, ड्रॉपच्या वर्षात काय केलं ते सांगा, वावरात काम केलं असेल तर वावरात काम केलं म्हणा.

आपल्या भागातल्या आजारांवर विचारतात काय?

हो, आणि इथं आपली पोरं शहरातल्या पोरांपेक्षा कितीतरी चांगलं बोलू शकतात, फक्त जे रोज पाहतो त्याच्यामागची माहिती जोडून घ्यायची.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडचे असाल तर सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आलाच पाहिजे. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर बाळ एसएस, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. आणि दर बाळंतपणाला हाच हिशोब पुन्हा नव्यानं, पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणून पुढचे सुटले असं नसतं. गावात हाच गैरसमज फार आहे आणि पॅनलवरचे डॉक्टर नेमकं हेच विचारतात. तपासणीला आधी सोल्युबिलिटी टेस्ट, पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट आहे.

यवतमाळकडच्यांना फवारणीच्या विषबाधेवर विचारतात. २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणी करताना विषबाधा होऊन गेले. ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, घाम आणि लाळ सुटते, अॅट्रोपिन देतात, आणि पहिलं काम म्हणजे अंगावरचे कपडे काढून अंग धुणं. मेळघाटकडच्यांना कुपोषण: सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषित. साप सगळीकडंच विचारतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं, आणि आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, हातपाय हलू द्यायचा नाही, दवाखान्यात न्यायचं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू खाली आणले, तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि आज आशाताई बाळाला पाहायला घरी येतात त्यामागं हे काम आहे. हे माहीत असू द्या, आपल्या मातीतलं आहे.

पण याहून आधी तुमच्या गावची माहिती. उपकेंद्र कोणत्या पीएचसीखाली येतं? किती किलोमीटर? रात्री डॉक्टर असतात का? १०८ ला फोन लावला तर गाडी किती वेळात पोचते? नियमानं मैदानी भागात ३०,००० लोकांमागं एक पीएचसी आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० मागं एक. तुमच्याकडं कसं आहे ते आशाताईजवळ एक तास बसून विचारून घ्या. ही माहिती कोणत्याच गाइडमध्ये मिळत नाही.

असं झालं तर काय करशील, असे प्रश्न कसे असतात?

उदाहरण देते. तुम्ही वॉर्डात ड्युटीवर आहात, तुमच्याच गावची एक पोरगी अॅडमिट आहे, आणि तिची काकू तुम्हाला बाजूला घेऊन विचारते, बाई, हिला झालं तरी काय, रिपोर्टमध्ये काय आलं, तू तर घरचीच आहे. काय कराल?

पेशंटची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय कोणालाच सांगायची नाही, काकूलाही नाही. पण "सांगता येत नाही" म्हणून तोंड फिरवलं तर उद्या गावात तुमच्या मायला चार शब्द ऐकावे लागतील हेही खरं आहे, आणि पॅनलला तुम्ही ही दोन्ही टोकं कशी सांभाळता ते पाहायचंय. "काकू, ती उठली की तिलाच विचारा, नाहीतर डॉक्टरांशी भेट घालून देते, तुम्ही चहा घेतला का?" असं काहीतरी तुमच्या पद्धतीनं.

दुसरा नेहमीचा प्रश्न मांत्रिकाचा. साप चावलेल्याला आधी भगताकडं नेलं आणि उशिरा दवाखान्यात आणलं. घरच्यांवर ओरडणार का? त्या वेळी आधी पेशंट पाहायचा. नंतर घरच्यांना समजावायचं, आणि जमलं तर भगतालाही समजावायचं की तू मंत्र म्हण पण गाडी आधी बोलाव.

शिकून गावात परत येणार का, असं विचारतात. काय म्हणू?

जे मनात आहे ते. सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसवाल्यांना एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड आहेच, त्यामुळं "मी बाँड करणार" हे काही वेगळं उत्तर झालं नाही. पॅनलनं "गावातच राहणार सर" असं छातीठोक सांगणारे फार पाहिलेत आणि त्यातले नागपूर-पुण्याला गेलेलेही पाहिलेत.

"आयुष्यभर राहीन असं आज नाही सांगू शकत, पण पहिली दोन वर्षं जिल्ह्यातल्याच ग्रामीण रुग्णालयात काढायची आहेत, कारण मला बाळंतपणाचा हात बसवायचा आहे" हे उत्तर मला स्वतःला जास्त पटतं. ज्या ट्रस्टची अटच ग्रामीण सेवेची असते तिथं मात्र सही करायच्या आधी किती वर्षं, कुठं, आणि मोडली तर काय, हे नीट वाचा आणि घरी वाचून दाखवा.

बाबांनी आत्महत्या केली होती. ते विचारतील काय? मला बोलणं होत नाही.

बाळा, जेवढं सांगावंसं वाटतं तेवढंच सांगायचं. "बाबा २०१९ मध्ये गेले, घर आई चालवते" एवढं पुरतं. कोणी खोदून विचारलं तर "यावर मला जास्त बोलायला जमणार नाही" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्यानं मार्क कापले जात नाहीत. रडू आलं तर येऊ दे, पाणी माग, एक मिनिट घे. तुझं दुःख विकायला तू तिथं गेलेली नाहीस. आणि आईनं त्यानंतर घर कसं उभं ठेवलं हे सांगावंसं वाटलं तर मोकळेपणानं सांग.

मुलींना लग्नाचं विचारतात ते खरं आहे का?

कमी झालंय, पण विचारतात. चिडू नका, लांबणही लावू नका. "कोर्स पुरा होईपर्यंत लग्न नाही, घरच्यांचंही तसंच ठरलंय" बस. घरच्यांशी हे बोलणं खरंच आधी झालेलं असू द्या, कारण काही संस्था बाबांनाही फोन लावतात.

ऑनलाइन आहे आणि आमच्याकडं रेंज नाही.

तालुक्याच्या गावी जा, एखाद्या सरांच्या घरी, कॉलेजच्या लायब्ररीत, नाहीतर ओळखीच्या सेतू केंद्रात मागच्या खोलीत. आदल्या दिवशी त्याच जागी त्याच वेळेला व्हिडिओ कॉल करून पाहा. फोन चार्ज, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन सोबत. मध्येच तुटलं तर लगेच मेसेज टाका, गप्प बसू नका.

पुरामुळं पोचता आलं नाही तर?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं हे आपल्याला माहीत आहे, नागपूरच्या ऑफिसातल्या माणसाला माहीत असेलच असं नाही. रस्ता बंद होताच फोन करा, मेल टाका, जमलं तर पुलावरच्या पाण्याचा फोटो पाठवा आणि दुसरी तारीख मागा. देतात. लांबून जाणार असाल तर आदल्या दिवशीच निघा, रात्रभर प्रवास करून सकाळी तसंच समोर बसू नका.

कपडे कसे?

धुतलेले, इस्त्री केलेले, रोजच्या वापरातले. अॅप्रन घालून जाऊ नका, सांगितलं असेल तरच.

सोबत कोणते कागद न्यायचे?

ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही: मार्कशीट, बोनाफाइड, फीची पावती, उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ किंवा भूमिहीन असल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, जातीचे कागद असतील तर ते, बँकेचं पासबुक. नाव सगळीकडं एकसारखं आहे का ते आजच तपासा, आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं असेल तर ते आधीच सांगा.

उत्तर आलं नाही तर?

"माहीत नाही सर, वाचून घेईन." पुढचा प्रश्न. आरोग्याच्या कामात माहीत नसताना ठोकून देणारा माणूस धोक्याचा, डॉक्टर लोक हे बरोबर हेरतात. पण हिमोग्लोबिन किती पाहिजे (बाईला १२, गरोदर बाईला ११, पुरुषाला १३ च्या खाली गेलं की रक्त कमी), बीपी, नाडी, ताप असलं तुमच्या वर्षाचं साधं तरी यायलाच हवं.

मुलाखतीसाठी हजार रुपये भरायला सांगून राहिले. भरू काय?

भरू नका! चांगली संस्था मुलाखतीचे पैसे घेत नाही, ओटीपी मागत नाही, "सिलेक्शन करून देतो" म्हणणारा एजंट पाठवत नाही. असा फोन आला तर कॉलेजमध्ये सांगा आणि १९३० वर तक्रार करा.

घरी पाहायला येतात तेव्हा काय करायचं?

काही वेगळं करायचं नाही. घर जसं आहे तसं दाखवा, चहा करा. मायला आधी सांगून ठेवा की कोण येणार आहे आणि काय विचारतील, नाहीतर ती बिचारी घाबरते आणि पोरीचं भलं व्हावं म्हणून काहीतरी वेगळंच सांगून बसते. शेजाऱ्यांनाही विचारतात कधी कधी.

निवड झाली, आता?

पैसे बहुतेक वेळा एकदम येत नाहीत, दर वर्षाला किंवा सेमिस्टरला येतात, आणि पुढचा हप्ता निकाल पाठवल्यावरच. काही ठिकाणी ठरलेले टक्के लागतात, काही ठिकाणी एटीकेटी चालत नाही. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागला तर तसं कॉलेजचं पत्र घेऊन पाठवून द्या. आणि खातं आधारला जोडलंय का ते बँकेत जाऊन पाहून या, बरेच पैसे तिथंच अडकतात.